आईसाठी रंगवलेली खोली

मी देऊळघाट सोडलं त्या सकाळी आईने घर झाडू दिलं नाही. बाबा माझी बॅग घेऊन एसटीच्या थांब्याकडे पुढे निघाले होते. ओसरीत शेंगांची टरफलं पसरली होती, कारण पहाटेपासून मी शेंगा फोडत बसले होते. भूक नव्हती, पण तोंड चालू असलं की रडू येत नाही. निघताना सवयीने झाडू उचलला तर आई ओरडली, "ठेव तो! घरातून मानूस जाऊन राह्यलं अन् तू झाडतं?"

आमच्याकडे गावाला गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत मागे केर काढत नाहीत. माणूस गेल्यावर लगेच घर झाडतात ते फक्त अंत्ययात्रा निघाल्यावर. मी मलकापूरला रेल्वेत बसले, दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरले, मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन फोन केला, तेव्हा कुठे ती टरफलं निघाली. त्या वयात मला या सगळ्याचं हसू यायचं.

त्याला आता बारा वर्षं झाली. वाघोलीत चौथ्या मजल्यावर माझा वन बीएचके आहे. एका लॅबमध्ये काम करते, तिथे 'मले-तुले' तोंडातून निघू नये म्हणून सुरुवातीला जीभ सांभाळायचे, आता सांभाळावी लागत नाही आणि याचंच कधी कधी वाईट वाटतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. रविवारी मात्र दाराची बेल वाजली तर डिलिव्हरीवालाच असतो. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत त्यांना रविवार म्हणजे काय ते सांगायला नको.

बाबा गेले आणि आई गावी एकटी राहिली. तिला दमा आहे. फ्लॅट घेतला तेव्हा ती आली होती, पण भिंतींचा रंग ताजा होता. दोन दिवस खोकून खोकून बेजार झाली आणि परत गेली. त्यानंतर मी 'इकडे ये' म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "तुह्या घराले रंगाचा वास येते बाई. माह्या छातीले झेपत नाही." वास कधीच उडून गेला होता, पण तिला पटेना. मला ती कायमची हवी होती. तिच्या काळजीपोटी, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला घरी आल्यावर कोणीतरी 'जेवली काय' विचारणारं हवं होतं.

तेव्हा ठरवलं, बेडरूम तिच्यासाठी नव्याने करायची, बिनवासाची आणि बिनखर्चाची. दुकानात पर्यावरणपूरक रंगांचे डबे होते, त्यावर हिरवं पान छापलेलं. किंमत बघून डबा जागेवर ठेवला. मग आठवलं की आमच्या घरी दरवर्षी दिवाळीआधी काय लागायचं. कळीचा चुना. आई तो रात्रभर भिजवायची, पातळ लुगड्यातून गाळायची, डिंक उकळून घालायची, मूठभर मीठ आणि किंचित नीळ. झाला रंग. वाघोलीत कळीचा चुना मिळवायला मला तीन दुकानं पालथी घालावी लागली. बाल्कनीत बादलीत चुना रटरटायला लागला तेव्हा तो आवाज ऐकून शेजारच्या बाईंनी, गॅस गळतोय का, म्हणून विचारलं.

भिंत पांढरीशुभ्र निघाली. आता खाली काहीतरी हवं. दुकानातल्या कार्पेटला चिकटवायच्या द्रव्याचा वास होता आणि तागाचं परवडेना. आईच्या जुन्या सुती साड्या माझ्याकडे होत्या, बाबांचं एक धोतरही. पट्ट्या फाडल्या, वेण्या घातल्या आणि महिनाभर संध्याकाळी त्या गोल गोल शिवत बसले. चांगला पलंगाइतका गालिचा झाला. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली. आईने सगळे कोपरे दाखवायला लावले आणि म्हणाली, "येतो मंग."

ती आली. खोलीच्या दारातच थांबली. गालिच्याच्या कडेकडेने, भिंतीलगत आत गेली.

"अगं, पाय ठेव ना. तुझ्यासाठीच केलाय."

"तुह्या बाबाचं धोतर हाये त्याच्यात. त्याच्यावर पाय कसा ठेवू व?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तिने गालिचा उचलला, झटकला आणि पलंगावर अंथरला. मग सवयीने भिंतीवरून तळवा फिरवला. हातभर पापुद्रा सुटून खाली पडला. मी घाबरले. आई मात्र हसायला लागली, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच इतकी.

"प्लास्टिकच्या रंगावर चुना लावला काय? ह्या गुळगुळ्यावर बसन काऊन तो? त्याले खरबरीत पायजे."

मी आठ दिवसांची रजा टाकली. आई नाकाला पदर बांधून स्टुलावर बसायची आणि मला हुकूम सोडायची. धूळ उडू नये म्हणून पाणी मारून मारून सगळा जुना रंग खरवडला. हात सोलवटले. ती गावातल्या एकेका माणसाची खबर सांगायची, मी 'हाव, हाव' करत पॉलिश पेपर घासायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून 'मले पानी दे' निघालं आणि आई हसत तांब्या भरायला उठली. आठ दिवसांत ती एकदाही खोकली नाही. मला वाटलं, जमलं. आता ही राहते.

चुन्याचा शेवटचा हात मारून झाला. तिने पुन्हा भिंतीवरून तळवा फिरवला. या वेळी काही पडलं नाही.

"झकास झालं. आता माह्यं तिकीट काढ."

मी भांडले. वास नाही, खोकला नाही, आता कारण काय? ती चुन्याचे हात धूत होती, तशीच पाठमोरी म्हणाली, "मी इथंच राह्यली तं तू दिवाळीले कोनाच्या घरी येशीन?"

मी तिचं तिकीट काढलं. वासाचं कारण तिने इतकी वर्षं माझं मन राखायला पुढे केलं होतं, हे तेव्हा कळलं.

तिला गाडीत बसवून मी स्टेशनवरून परत आले. खोलीत पाऊल टाकवेना इतकी ती रिकामी होती. फरशीवर खरवडलेल्या पापुद्र्यांचा चुरा पडला होता. मी झाडू घेतला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो केर ओलांडत वावरले, त्या केरातच उभी राहून चहा प्यायले. दुपारी फोन आला.

"पोचली व मी. कुलूप काढून राह्यली." मग म्हणाली, "केर तसाच असन ना?"

"हाव."

"मंग काढ आता."

फोन ठेवून मी झाडू उचलला. बारा वर्षं या शहरात मी आले-गेले, पण मागे कोणी केर ठेवून थांबलं नव्हतं, आणि मीही कोणासाठी थांबले नव्हते. या फ्लॅटमधून माणूस निघालं आणि ते पोचेपर्यंत घर खोळंबलं, असं या वेळी पहिल्यांदा झालं. तिला ठेवून घेऊन मला जे वाट बघणारं घर हवं होतं ते तिच्या जाण्याने झालं, आणि झालं तरी खोली रिकामीच होती.

मग मी केर काढला. पलंगापासून दारापर्यंत आईची चुन्याची पावलं उमटली होती, तेवढी सोडून.