थेंबमामा

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून थेंबमामा पाणपिसूचं मरण सांगायचे. आर्वीच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेतले परिचर. शिक्षण दहावी नापास. पण तळ्याच्या पाण्यातल्या त्या मोहरीएवढ्या जिवाच्या अंगात चरबीचे पिवळसर थेंब किती उरलेत हे पाहून म्हणायचे, "हे उद्यापर्यंत. ते अजून तीन-चार दिवस काढते." सरांचा अंदाज चुकायचा, मामांचा क्वचितच.

उरलेल्या पिसू ते कधी बेसिनमध्ये ओतत नसत. बादलीत साठवून, सायकलला अडकवून तळ्यात सोडून येत. कुणी हसलं की म्हणत, "काम झालं ना? मंग बिनकामाचं काऊन मारता?" हसणाऱ्यांत मीही होते.

माझा एमएस्सीचा प्रकल्प उपासमारीचाच होता. खाणं तोडल्यावर पिसू साठवलेल्या चरबीवर किती दिवस जगते, ते पाहायचं. एका बशीत एक, अशा चाळीस बशा मांडल्या. काही पिसू मरेचनात, उलट त्यांच्यातले थेंब वाढले. मी हुरळून सरांना बोलावलं. त्यांनी बशी कलती करून तळाचा पांढरा गाळ दाखवला. यीस्ट, पिसूंचं खाणं! मामा अंडी धरलेल्या पिसूंना गुपचूप चारत होते.

"लेकरं होती तिच्या पाठीत," ते खाली मान घालून म्हणाले. "मले पाह्यवलं नाई."

माझं वर्ष वाया गेलं. संतापाच्या भरात मी लेखी तक्रार दिली आणि मामांची गेटवर बदली झाली. येताजाता ते स्टुलावरून उठून उभे राहत. मी मोबाइलमध्ये डोकं घालून पुढे जाई. आज लिहितानाही लाज वाटते.

गेल्या वर्षी कळलं, त्यांना गळ्याचा आजार झालाय, अन्न उतरत नाही. नालवाडीला मुलीकडे होते. मी गेले. अंगावर मूठभरही मांस उरलं नव्हतं. कसंबसं म्हटलं, "मामा, ती तक्रार मीच केली होती."

"माईत हाय. बरोबर केली तू. तुही मेहनत मी मातीत घातली. माफी मांगाची होती मले, पन तू गेटातून जाताना वर पाहेच नाई."

मग त्यांनी मुलीला चहा ठेवायला सांगितला. स्वतःला पाण्याचा घोट उतरत नव्हता, पण माझा कप रिकामा होईपर्यंत ते समाधानाने पाहत राहिले. मी माफी मागायला गेले होते, ती मागायची राहूनच गेली. पंधरवड्याने मुलीचा फोन आला.