व्याह्यांचं रिव्हॉल्व्हर

मळकट धातू दिसला की मुलामाकाकांचे हात शिवशिवायचे. नळ, करंडक, गाड्यांचे बंपर यांच्यावर निकेलचं पाणी चढवणं हा त्यांचा धंदा. पण दुकान बंद झालं म्हणून हात थोडेच बंद होतात? कुणाकडे जेवायला गेले की गप्पा मारता मारता यजमानांचे चमचे रुमालानं घासून ठेवायचे. दवाखान्यात ताटकळत बसलेले असताना त्यांनी दाराची मूठ अशी लखलखीत केली की पुढचा रोगी ती धरायला बिचकला. लेकीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्यांनी मुलाकडच्यांचा चहाचा ट्रे मांडीवर ओढला आणि तारीख ठरेपर्यंत त्याचा आरसा करून टाकला. मुलाच्या आईला ते तेव्हाच खटकलं होतं. आपण त्यांचा ट्रे घाणेरडा ठरवला, हे काकांच्या गावीही नव्हतं.

लेकही बापावरच गेलेली. सासरी जाताना आईनं काय काय दिलं ते सगळ्यांनी पाहिलं. बाबांनी तिच्या पिशवीत हळूच सरकवलेली पॉलिशची डबी मात्र कुणी पाहिली नाही. पुढचं सगळं रामायण त्या डबीतून निघालं.

एके दिवशी सकाळी काका दुकानाचं शटर वर करतात तो समोर साक्षात व्याही उभे. उंच, सरळ, इस्त्रीचा शर्ट, काखेत चामड्याची बॅग. पाणीखात्यात हयात गेल्यामुळे की काय, शब्दसुद्धा जपून वापरायचे. काकांनी घाईघाईनं स्टूल पुसलं, मग सवयीनं त्याचे लोखंडी पायही पुसले. व्याह्यांनी बॅगेतून टॉवेलची गुंडाळी काढून टेबलावर उलगडली.

आत रिव्हॉल्व्हर होतं.

"रिकामं आहे," व्याही म्हणाले.

त्यांच्या वडिलांचं. परवाना आता यांच्या नावावर. बंदुकांच्या कारागिरानं ते तपासून दिलं होतं, पण मुलाम्याचं काम आपलं नव्हे म्हणून हात झटकले होते. परवानेवाल्यानं हत्यार कुठे ठेवून जायचं नाही, म्हणून व्याही स्वतः ते घेऊन बसणार होते, काम होईपर्यंत. पांढऱ्या निकेलचे जागोजागी पापुद्रे सुटले होते, आणि नळीच्या डाव्या अंगाला अंगठ्याएवढा लालसर डाग पडला होता.

"तुमच्या कन्येनं घासलं," व्याही म्हणाले.

घासणारा हात कुठे तयार झाला, हे काकांना कुणी सांगायला नको होतं. हा गंज नाही हो, ते चाचरत म्हणाले, हे तांबं. निकेलच्या आधी खाली तांब्याचा थर देतात, तो उघडा पडलाय. जणू गंज नसून तांबं आहे म्हटल्यावर लेक निर्दोष सुटणार होती. व्याह्यांनी मान हलवली. तांबं असो नाहीतर आणखी काही, त्यांचं म्हणणं एवढंच की सगळा मुलामा उतरवायचा आणि खालचं पोलाद मूळच्यासारखं काळंनिळं करून द्यायचं.

काकांनी ते दिव्याखाली धरलं आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. सांगाड्याच्या खालच्या अंगाला नंबर कोरलेला होता. कोरलेला म्हणजे, कधीकाळी. पूर्वी ज्यानं कुणी हे निकेल चढवलं तो काकांसारखाच हौशी असावा. आधी बफाच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर त्यानं पोलाद असं चोपलं होतं की नंबरातला एक आकडा तीन की आठ ते भिंगाच्या काचेतूनसुद्धा कळत नव्हतं. मुलामा उतरवायचा तर हत्यार टाकीत टांगायचं, विजेचा उलटा प्रवाह सोडायचा, मग खड्डे घालवायला पुन्हा बफ. उरलासुरला नंबर त्यात धुऊन जाणार. आणि परवान्यावरचा नंबर हत्यारावर नसला, तर ते वडिलांचं रिव्हॉल्व्हर राहत नाही. ते घरात सापडलेलं बेकायदा हत्यार होतं. सरळमार्गी व्याही उतारवयात पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले काकांना स्पष्ट दिसले. शेजारी सूनबाई.

नाही म्हणावं, तर लेकीची चूक झाकायला बाप पळ काढतोय असं दिसणार. काकांनी तिसरा मार्ग धरला: चालढकल. आधी चहा मागवला. मग टाकी गरम व्हायला वेळ लागतो म्हणाले. मग एका हॉटेलचे नळ तातडीचे निघाले. व्याही स्टुलावर टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते, आणि अधूनमधून टाकीकडे असे पाहत होते, जणू त्यांच्या खात्याचं पाणी तिथे वाया चाललंय.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काका मागच्या खोलीत गेले. होईल ना बाबा, ती विचारत होती. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कपाट उघडून तो डाग दाखवतात आणि म्हणतात, ही आमच्या सूनबाईंची कलाकुसर. सुरुवातीला हसायला यायचं, आता कुणी कपाटाकडे गेलं तरी छातीत धडधडतं. बाबा सगळं नीट करतील असं तिनं घरात सांगून ठेवलं होतं. काका 'हो, हो' म्हणाले आणि फोन ठेवल्यावर शर्टाच्या टोकानं तो फोनच पुसत राहिले.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. स्टुलावरचे व्याही, मांडीवरचं हत्यार आणि तेच तेच नळ पुन्हा घासणारा नवरा पाहून त्यांना काय ते कळलं. व्याह्यांना आग्रहानं वाढून झाल्यावर त्यांनी काकांना टाक्यांच्या आड गाठलं.

"अहो, करा नाहीतर करू नका, पण त्या माणसाला असं वाळत घालू नका. घाबरलात की भलत्याच वस्तू चमकायला लागतात तुमच्या हातून. लोकांना काय, सवय झाली असेल. पोरीला तिथे राहायचंय."

काकू गेल्या. काकांनी टाकीचा प्रवाह चालू केला, टांगायचा तांब्याचा हूक हातात घेतला, हत्यार मागून घेतलं. पुन्हा काच लावली. तीन की आठ? बोट नंबरावरून फिरवलं तर आकडे बोटाला जेमतेम लागत होते. कपाळावरचा घाम टपकून टाकीत पडला. त्यांनी प्रवाह बंद केला आणि हत्यार टॉवेलवर परत ठेवलं.

"व्याहीबुवा, मी हे करणार नाही."

"जमत नाही?"

"जमतं. पण नंबर जाईल. आधीच अर्धा गेलाय, हे बघा. परवाना घेऊन नुसते बसाल. डाग राहू द्या." काकांनी टॉवेलचं टोक सरळ केलं. "पोरीचं चुकलं. पण डबी मी दिली, आणि घासायला मीच शिकवलं. विहीणबाईंना काय बोलायचं ते मला बोलू द्या."

व्याह्यांनी काच घेतली आणि नंबर बराच वेळ न्याहाळला. मग व्याही बोलू लागले, आणि लग्नापासून आजवर बोलले नव्हते एवढं एका दमात बोलले. हत्यार मूळचं काळं. आईला ते काळं धूड घरात नको वाटायचं, म्हणून वडिलांनी ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांसारखं पांढरं करून घेतलं. आई तरीही घाबरायचीच. डाग पडला त्या दिवशी सूनबाई स्वतः येऊन सांगून गेली. त्यांच्या घरात आजवर कपबशी फुटली तरी कुणी आपणहून कबूल केलं नव्हतं, मांजर नसतानाही मांजरावर जायचं.

"डागाचं मला काही नाही हो," ते म्हणाले. "रोजचे टोमणे ऐकवत नाहीत. म्हटलं, मुलामाच नाही राहिला तर डाग कुठून दाखवतील."

काका आ वासून पाहत राहिले. सकाळपासून ज्या माणसाला ते घाबरत होते, तो त्यांच्याच लेकीसाठी स्टुलावर बसून होता. आणि तोच उपाय त्यांनी नुकताच मोडीत काढला होता.

व्याही थोडा वेळ रिव्हॉल्व्हर उलटसुलट करत राहिले. उजव्या अंगाला निकेल पातळ होऊन सुटायला आलं होतं, तिथे त्यांनी नखानं टोकरलं.

"ती डबी आहे का तुमच्याकडे? तसलीच?"

डबी होती. फडकंही होतं. व्याह्यांनी बाह्या दुमडल्या आणि उजव्या अंगाला घासायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर म्हणणार होते, डावा डाग तिचा, उजवा माझा. आता दोन्ही दाखवा पाहुण्यांना.

घासत मात्र होते भयंकर वाईट. फडकं चुकीचं धरलं होतं, दाब नको तिथे पडत होता, पॉलिश मनगटापर्यंत आलं होतं. काकांचे हात शिवशिवू लागले. ते त्यांनी घट्ट मांडीखाली दाबून ठेवले. निकेल विरलं, त्याखालून लालसर कड दिसू लागली, आणि व्याही खूश होऊन जोर करत खालच्या बाजूला सरकले.

"व्याहीबुवा," काका कळवळून म्हणाले, "खाली नको. खाली नंबर आहे."