घोणस

स्पिरिटची बरणी उघडली, की मला अजूनही चिंचवडचा तो दवाखाना आठवतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. कासारवाडीला रुळांपलीकडच्या आमच्या शेतात गवत कापताना माझ्या थोरल्या बहिणीला, यमूआक्काला, साप चावला. वडिलांनी तिला बैलगाडीतून आणलं.

"साप कसा होता?" डॉक्टरांनी विचारलं.

साप चावला तेव्हा मी आक्काजवळच होते. मला लहानपणापासून साप बघत हिंडायचा नाद, म्हणून मीच सांगितलं, "जाडा व्हता. पाठीवर साखळीवानी ठिपकं. लई फुसकारत व्हता."

"घोणस. तिच्या विषावरची लस इथं नाही, पोरी."

"मग कुठं हाय?"

संध्याकाळी आक्का गेली. मला रडू आलं नाही, अंग नुसतं बधिर झालं होतं.

पुढे माझं सगळं आयुष्य त्याच लशीच्या कामात गेलं. विद्यार्थी विचारतात, "बाई, सापांचा राग नाही आला?" नाही आला. आक्काचं तेरावं झाल्यावर मी पुन्हा बांधावर साप बघत बसले होते. आई लांबून बघत होती, पण तिनं हाक मारली नाही. तेव्हा वाटलं, रागावली असेल. आता वाटतं, माझ्यासारखंच तिच्यातही रागवायला काही उरलं नव्हतं.