बॅटरीवाल्या वहिनी

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच मागं राहिलं. त्याची आधीच माफी मागते. हे कोणाला दाखवायचं नाही, पण वहिनींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वहिनी म्हणजे आमच्या मालकीणबाई. वाळूजला त्यांचा प्लास्टिकचे सुटे भाग काढायचा छोटा कारखाना होता. आनंद झाला की त्यांना बसवतच नसे. चहाचा कप घेऊन त्या मशीनभोवती फेऱ्या घालत, अर्धा चहा फरशीवर. मी भागांच्या कडा कापत गप्प बसलेली असायची, म्हणून सगळं मलाच सांगत. "तू मधी बोलत नायस, लई बरं वाटतं बघ!"

त्यांचं दुखणं एकच, लाईट. दिवसभर लाईट बंद असायचा वार आधी कळायचा, त्याचं त्यांना काही नव्हतं. "ही मधीच डोळा मारते ना, ती खरी वैरीण!" दिवा नुसता मिचकला तरी मशीन बंद पडायचं, आतलं प्लास्टिक थिजायचं आणि ते काढण्यात अर्धी पाळी जायची. जनरेटर सुरू होईपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. उशिराला कंटाळून माल घेणारी कंपनी काम काढून घ्यायच्या बेतात होती.

मग वहिनींनी बॅटरीचं मनावर घेतलं. कपाटाएवढी बॅटरी. लाईट चांगली असताना भरून ठेवते, आणि लाईट डळमळली की मशीनला कळायच्या आत स्वतःचा करंट देते. बँकेच्या कर्जानंतरही पैसे कमी पडले. त्या महिन्यात आमच्या भिशीचा नंबर माझा होता. ते पैसे लेकीच्या नर्सिंगच्या फीचे. वहिनींनी मागितले नव्हते. मीच रुमालात बांधून त्यांच्या टेबलावर ठेवले आणि पळाले.

त्या मागं धावल्या. "अगं बाई, बुडले तर?"

मला एवढंच सुचलं, "फी जूनला भरायची हाय."

कपाट आलं. वहिनींनी हळदकुंकू लावून नारळ फोडला. मशीनवरची शोभा म्हणाली, "वहिनी, कपाट तर आणलं, साड्या कुठं हायत?"

"त्यात साड्या नाय, तुझा पगार हाय!"

काही दिवसांनी ट्यूब मिचकल्या. बॅटरी फक्त मशीनला जोडली होती, दिव्यांना नाही. पण आमची सवय! "गेली, गेली!" करत सगळ्या उठल्या आणि शोभानं नेहमीसारखं धावत जाऊन आपलं मशीन बंद केलं.

"अगं भवाने, चालू व्हतं की ते! लाईटीनं सोडलं आन् तू मारलंस!" वहिनी ओरडल्या. तेवढ्यात शेजारच्या मशीनचा साचा खटकन उघडला, गरम भाग खाली पडला. पुन्हा खटकन. पुन्हा एक भाग.

वहिनींनी माझा दंड गच्च धरला. "ऐक गं, ऐक! चालतंय!" मग आम्ही सगळ्या, शोभासुद्धा, वेड्यासारख्या हसत सुटलो.

काम टिकलं, वाढलं. आता वहिनींनी कारखाना शेंद्र्याला मोठ्या जागेत नेलाय. मला तितकं लांब जमत नाही, त्यामुळं भेट नाही. पण तो मे महिन्यातला पगाराचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. दर पगाराला त्या माझे थोडे थोडे परत करत होत्या. उरलेले त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवले.

"मोज. मोठ्यानं मोज, लाजतीस काय?"

चारचौघांत माझा आवाज कधी निघाला नव्हता. त्या दिवशी निघाला. सगळ्या ऐकत होत्या. शेवटची नोट मोजली आणि मी म्हणाले, "फिटले, वहिनी. सगळे फिटले."