दत्ताभावोजींची सुरी आणि माझी जीभ

भावोजींचं लग्न मी मोडलं.

आज सकाळी ते गेले. फोटोखाली आरआयपी लिहायच्या आधी ही पोस्ट पूर्ण वाचा.

दत्ताभावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आम्ही सगळे भिसेगावात एकत्र राहायचो.

त्यांना सुऱ्या बनवायचा नाद होता. मुंबईहून पाकीट यायचं. त्यात बिनमुठीचं पातं, चार पितळी खिळे आणि प्लॅस्टिकची एक तयार मूठ. नातू म्हणतो, आजी, त्याला किट म्हणतात. असेल.

ती प्लॅस्टिकची मूठ भावोजी फेकून द्यायचे. पैसे देऊन आणलेली वस्तू फेकणारा माणूस मला तेव्हापासूनच खटकायचा.

मूठ ते स्वतः करायचे, खैराची नाहीतर शिसवाची. पण त्याआधी जिची सुरी तिच्या हातात खाचरातल्या ओल्या मातीचा गोळा द्यायचे. "दाब. सुरी धरतेस तसा."

बोटांचे खळगे उमटले की काडीने त्यावर नाव कोरायचं आणि पडवीतल्या फळीवर वाळत ठेवायचं. मग तो गोळा समोर ठेवून, तसंच लाकूड कानशीने घासत बसायचे. तासन् तास.

"पातं सगल्यांना सारखंच, वैनी. हात कुटं सारका असतो?"

फळीवर वीसेक हात झाले. सगळे नावानिशी.

सासूबाई रोज कुरकुरायच्या. "दत्तू, मानसांचे हात कशाला रं वालत घालतोस? बरं दिसतं का ते?"

मी स्वभावाने संशयी. दूधवाल्याने एक दिवस चांगलं दूध दिलं तरी मला वाटतं, काल याने काय केलं असेल?

त्यातून मला सातवा महिना. भावोजींनी माझा गोळा घेतला आणि आठवड्याभरात माझा उजवा हात बधीर व्हायला लागला. भाकरी थापताना बोटं माझी वाटेनात.

फळीवर माझा हात. 'वैनी' लिहिलेला. मुठीत धरल्यासारखा.

मी शेजारच्या नमूला सांगितलं. "ही करणी तर नसेल गं? कुणाला सांगू नकोस हं."

"माज्या तोंडून कुनाला कलतंय? मी काय तसली हाय?"

नमूचं माहेर नेरळकडचं. आणि त्याच गावातल्या मुलीशी भावोजींची सुपारी फुटली होती.

हे मला माहीत नव्हतं असं मी खूप वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत होतं.

चार दिवसांनी मुलीचे मामा आले. पडवीत बसले. फळीकडे बघत राहिले.

"येवडे हात जमवून काय करता?"

"मुठीसाठी लागतात," भावोजी हसून म्हणाले. त्यांना वाटलं, पाहुण्यांना कामात रस आहे. उठून गोळे दाखवायला लागले, बिचारे!

मामांनी चहा तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

करणीची कुजबुज गावातही पोचली. बायका आपापला गोळा मागायला आल्या. भावोजींनी निमूटपणे दिले. उरलेले बादलीत भिजवून खाचरात ओतले. पुन्हा पाकीट मागवलं नाही, लग्नाचं नाव काढलं नाही.

बाळंतपणानंतर माझा हात बरा झाला. डॉक्टर म्हणाले, अंगावर सूज असली की होतं असं.

हेही मी कुणाला सांगितलं नाही.

भावोजींनी खोपोलीला खोली घेतली. सणाला यायचे, पण सासूबाईंशी बोलायचे नाहीत. मला वाटलं, जमिनीवरून काही बिनसलं असेल. माझं डोकं तिकडेच धावायचं.

"दत्तू का बोलत नाय गं माज्याशी?" त्या विचारायच्या.

"कामाचा ताण असेल, आई."

त्या शेवटच्या आजारात असताना भावोजी आले. उशाशी उभे राहिले. बसले नाहीत.

माझ्याशी मात्र नीट वागायचे. दर दिवाळीला न सांगता, त्यांनीच बनवलेल्या माझ्या सुरीला धार लावून द्यायचे. आणि मला दर दिवाळीला धसका. याला सगळं कळलंय! मुद्दाम करतोय! धार बघताना माझ्या तोंडाकडे का बघितलं?

चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या चांगुलपणावर पाळत ठेवली.

परवा हॉस्पिटलमध्ये राहवलं नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"भावोजी, खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"काय?"

मला वाटलं, सोंग करतायत.

"करणीचं. नमूला मी सांगितलं होतं ते."

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले,

"मला वाटलं, आयेनं सांगितलं."

एवढंच. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पाणीसुद्धा नर्सकडे मागितलं, माझ्याकडे नाही.

माझं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला माफ केलं का, ते कमेंटमध्ये विचारू नका. नाही केलं. मीही मागितली नाही, तेवढं धाडस झालं नाही. आणि दत्ताने लग्न का केलं नाही, अशी स्मशानात कुजबुज करणाऱ्यांनो, आता सरळ मला विचारा.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही. एक विनंती तेवढी करते.

भावोजी, आईंच्या जवळ जाऊन बसा. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.