हुशार मंडळातला शामसुंदर

"तुमच्या लेकाला साऱ्या जगाच्या नद्या ठाऊक आहेत, पण कालपासून आईला ताप आहे हे ठाऊक नाही," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि भिंतीअलीकडं तांदूळ निवडणारा माझा हात थांबला.

बळेपेटेत आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. भांडण ऐकायला कान लावावा लागत नसे, न ऐकायलाच कष्ट पडत. सावित्रीबाईंचे यजमान श्रीधरराव चिक्कपेटेत गुंड्या, लेस आणि दोरा विकायचे. ते म्हणाले, "अगं, टाउन हॉलात एवढ्या पोरांत पहिला आला तो. मोठमोठे साहेब टाळ्या वाजवत होते. हुशार माणसाचं लक्ष असल्या गोष्टींत नसतं."

"मग कशात असतं?"

"विचारात."

"कसला विचार करतो, हे तुम्ही विचारलंत कधी? तुम्हीपण त्याला नदीच विचारता."

यावर पितळी जरा जोरात सरकवल्याचा आवाज आला, एवढंच.

तो लेक म्हणजे शामसुंदर. मी नवी सून होऊन बंगळुरात आले तेव्हा तो विशीत होता. दरवर्षी सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची आणि दरवर्षी हा चांदीचं पाणी दिलेला कप घेऊन यायचा. श्रीधरराव ते कप दुकानात गुंड्यांच्या डब्यांमध्ये मांडून ठेवत. माल घ्यायला आलेला शिंपी हटकून विचारायचा, "शामण्णा, आफ्रिकेतला सगळ्यांत उंच डोंगर कोणता?" शामण्णा सांगायचा. शिंपी मान डोलवून आपल्या वाटेनं जायचा. उत्तर मिळालं की माणूस निघतो. नळावर घागर भरल्यावर कोण थांबतं?

त्याला मुलगी बघायला आम्ही सगळे होसूरला गेलो होतो. मुलीचं नाव चंपा. तिचे वडील कृष्णाजी मोठ्या तोंडाचे. ते सांगत होते, सकाळी निघून संध्याकाळी काशीत गंगेत उभा होतो. शामसुंदरनं तिथंच आगगाडीच्या वेळा, जंक्शनं, मैल सगळं मांडून दाखवलं, की हे होणारच नाही. कृष्णाजींचा चेहरा पडला. चंपानं मान खाली घालून पदरात हसू दाबलं. बापाची फजिती तिला आवडली होती, मुलगाही आवडला होता. मला ते दिसलं. शामसुंदरला दिसलं नाही, तो मनानं गुंतकल जंक्शनच्या गाडीत होता. घरी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पुढं आईवडील दोघंही गेले. घरात तो एकटा, दुकानात तो आणि ते कप. माझ्याशी तेवढा बोलायचा. मागच्या दाराला उभा राहून कॉफी प्यायचा. माझी शाळा दुसरीत सुटलेली, त्यामुळं मी त्याला कधी काही विचारत नसे. तेच बरं वाटत असावं.

एकोणीसशे साठाच्या पुढची गोष्ट. बसवनगुडीत वेंकोबराव म्हणून गणिताचे जुने प्राध्यापक होते. विलायतेत हुशार माणसांचं मंडळ असतं असं त्यांनी वाचलं आणि इथं आपल्या ओळखीत एक काढलं. त्याचं नाव इंग्रजी होतं, माझ्या तोंडात बसेना, मी आपली हुशार मंडळ म्हणायची. आत जायला परीक्षा. तीत नद्याबिद्या नाहीत, आकडे आणि आकृत्या. वर वेंकोबरावांचाच नियम, की दरवर्षी परीक्षा पुन्हा द्यायची आणि जो खाली घसरला त्यानं निघायचं.

शामसुंदर पास झाला. त्यानं नवा सदरा शिवला. मागच्या दाराशी येऊन म्हणाला, "अक्का, आता माझ्यासारखी माणसं मिळाली. बोलायला." इतका हसरा मी त्याला आधी पाहिला नव्हता.

दर रविवारी जायला लागला. आला की मी विचारी, "काय बोललात?"

"कोडी सोडवली."

"आणि मग?"

"मग वेळ संपली."

असं वर्ष गेलं. एका रविवारी आला आणि कॉफी हातातच धरून उभा राहिला. वेंकोबरावांची बायको वारली होती. "मंडळानं शोकपत्र धाडलंय. इंग्रजी सुंदर आहे. पण मला जावंसं वाटतं. अक्का, तिथं जाऊन काय म्हणायचं असतं?"

"काही म्हणायचं नसतं. बसायचं."

"किती वेळ?"

"उठावंसं वाटेल त्याच्यापेक्षा थोडा जास्त."

आम्हां भावसारांत मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात. त्याला कडू घास म्हणतात. मी कांदा परतून पिठलं केलं, भाकऱ्या केल्या आणि विचारलं, "लोक कोण ते? मुलंबाळं किती?" त्याला माहीत नव्हतं. वर्षभर मांडीला मांडी लावून बसला होता.

लोक निघाले माध्व ब्राह्मण. सोवळ्याचं घर, त्यात सुतक, आणि त्यांच्या दारात आमचं कांद्याचं पिठलं. दार उघडलं ते वेंकोबरावांच्या बहिणीनं. डबा बघून तिनं बोटानंच दाखवलं, बाहेर जगलीवर ठेवा. जगली म्हणजे दाराबाहेरचा दगडी ओटा. दुसरा कुणी असता तर तिचा चेहरा वाचून डबा उचलून चालता झाला असता. शामसुंदरला चेहरे वाचता येत नव्हते. त्यानं डबा जगलीवर ठेवला आणि मी सांगितलं होतं म्हणून शेजारी बसला.

बऱ्याच वेळानं वेंकोबराव बाहेर आले आणि डब्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. डबा कुणी उघडला नाही. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत दोघं बसले. उठताना ते कानडीत म्हणाले, पुढल्या शनिवारी येता का?

तेव्हापासून शनिवार ठरला. पिठल्याऐवजी तो गांधी बाजारातून एलक्की केळी न्यायचा. फळाला सोवळंओवळं कमी.

"तिथं काय बोलता?" मी एकदा विचारलं.

"विशेष नाही. परवा सांगत होते, बायको कॉफीत साखर जास्त घालायची." हे त्यानं मला असं सांगितलं, की टाउन हॉलातला कपही कधी तसा दाखवला नव्हता.

मग वेंकोबराव विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग पोराचं गाव. त्या वर्षीची परीक्षा झाली आणि निकालाच्या रविवारी चिटणीस जयसिंगरावांनी गळालेली नावं वाचली. एकच नाव होतं, वेंकोबरावांचं. ते समोरच बसले होते. त्यांनी नीट ऐकलं, मान हलवली. म्हणाले, "सरी, ठीक आहे. नियम तो नियम. त्या गृहस्थांना कळवा."

सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. शामसुंदर उठला.

"शामसुंदर, बसा," जयसिंगराव म्हणाले. "यंदा तुम्ही पहिले आहात. तुमच्या हस्ते नवं वर्ष सुरू करायचंय."

"ह्यांना घरचा रस्ता सापडणार नाही," तो म्हणाला. त्यानं दारातून त्यांच्या चपला शोधून आणल्या, पायांपाशी ठेवल्या आणि त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. निरोप द्यायला दारापर्यंत कुणी आलं नाही.

तो मंडळात परत गेला नाही. सोडलंत का विचारल्यावर म्हणाला, "रविवारी दुकान उघडतो आता." रविवारी चिक्कपेटेत कोण येणार गुंड्या घ्यायला? नुसता बसायचा. तो सुखी झाला असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यात त्याला मान होता ते सुटले, आणि ज्या एका माणसाजवळ बसावंसं वाटे, त्याला हा कोण ते कळत नव्हतं.

कापड गजानं मोजतात, दूध मापानं. परीक्षा घेणाऱ्यांकडं गज होता, तो खोटा होता असं नाही. पण गजानं दूध मोजायला गेलं तर गज ओला होतो, दूध किती ते काही कळत नाही.

अडुसष्टच्या थंडीत एका सोमवारी दुकान उघडलं नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मी पिठलं केलं खरं, पण द्यायचं कुणाला, त्या घरात मागं कुणी नव्हतंच.

त्याच्या आदल्या शनिवारी मला बसवनगुडीत नणंदेकडं जायचं होतं, म्हणून मीही त्याच्याबरोबर होते. त्यानं गांधी बाजारात केळी दाबून बघून घेतली. वेंकोबराव जगलीवर बसलेले होते.

"यारू? कोण आलंय?"

"शामसुंदर. बळेपेटेचा."

"कशाला आलात?"

"बसायला."

"बसा. स्वल्प बसा."

त्यानं केळं सोललं, त्याचे दोरे काढले आणि त्यांच्या हातात दिलं. खाऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, कोण आलंय? यानं पुन्हा सांगितलं, पहिल्यांदाच कुणी विचारावं तसं. मी नणंदेकडं जाऊन परत आले तेव्हाही तेच चाललं होतं. ऊन जगलीवरून उतरल्यावर तो उठला, त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली, साली दारातल्या गाईला घातल्या. फाटक ओढून घेतलं, म्हाताऱ्याला आतून निघणार नाही अशी कडी खाली वळवली, आणि आम्ही बसच्या थांब्याकडं निघालो.