छतावरची सूर्यचूल

भिलाईच्या प्लांटमध्ये फिटर होतो, तेव्हा मी सूर्यचूल आणली. काचेच्या झाकणाची पेटी; उन्हात ठेवली की वरण शिजते, कोळसा नको, धूर नको. ऊन भरपूर म्हणून क्वार्टरच्या छतावर नेऊन ठेवली. बायको तिला हातही लावेना. मी सातवी नापास, पण सगळ्यांना सांगत फिरायचो, आमची बाई अडाणी आहे.

मग कॉलेजातल्या एक मराठी मॅडम आल्या. लोक ह्या चुली का वापरत नाहीत, हे त्या घरोघर विचारून राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "आमच्याकडे रोज वापरतो."

बायको आतून म्हणाली, "खोटं बोलून राहिले, मॅडम. त्यात ह्यायचे ओले जोडे सुकून राहिले."

मॅडमनी मला सोडलं आणि तिला विचारलं, "तुम्हाला काय अडचण आहे?"

"वरणाचा गंज घेऊन शिडी कोन चढन? माह्या गुडघ्याले इचारा."

हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पेटी अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराशी आली. आठवड्यात शेजारणीही आपापले डबे त्यात ठेवू लागल्या.

बायको गेली, पेटी तिथंच आहे. आता वरण मी ठेवतो. रोज कच्चं राहते. काहून कच्चं राहते, ते विचारायचं तर तीच नाही.